ठिणग्यांनी धार येत नाही

धार लावायची म्हटलं की आता एकच उत्तर ऐकू येतं: ग्राइंडरला लाव. कोयता असो, विळी असो, खाटकाची सुरी असो की कुणी हौसेनं मागवलेला शिकारी चाकू असो. चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या, दोन्ही बाजू पांढऱ्याशुभ्र चमकल्या की काम झालं. कळंब्यात, गारगोटी रस्त्याला, कोल्हापुरातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत हे सर्रास चालतं. गेटचं वेल्डिंग घासून झालं की पोरगा हातातला अँगल ग्राइंडर तसाच सुरीवर टेकवतो आणि गिऱ्हाईक समाधानानं पैसे देतं. यामागचं मत असं की धार म्हणजे धार, लोखंड घासलं की ती येतेच. दगडावर हातानं घासत बसणं हा रिकाम्या माणसाचा उद्योग आहे. यंत्र हातापेक्षा केव्हाही सरस. या मताची मला चीड येते. चांगल्या लोहारानं घडवलेली पाती त्यापायी काही वर्षांत भंगारात जातात, आणि बोल मात्र लोहाराला लागतो.

आधी ठिणग्यांचंच पाहू. ठिणगी म्हणजे पात्यातून खरवडून निघालेला आणि हवेत पेटलेला पोलादाचा कण. फवारा मोठा दिसतो तेव्हा पातं जास्त झिजतंय आणि जास्त तापतंय, याशिवाय त्याचा काहीही अर्थ नाही. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड सेकंदाला 57 मीटर वेगानं, ताशी 200 किलोमीटरच्या वर, पात्यावरून धावते. आणि तिच्यासमोर असतं काय? जिथं जाडी जवळजवळ संपते असा पोलादाचा काठ. उष्णतेला पसरायला तिथं जागाच नसते. पाठीकडचा भाग बोटाला कोमट लागत असतो, तोवर धारेचं टोक कित्येकशे अंशांवर जाऊन आलेलं असतं. हाताला चटका बसला नाही म्हणजे पातं तापलं नाही, हा समज इथंच खोटा ठरतो.

लोहारानं काय केलेलं असतं ते आठवा. आपल्याकडं कोयत्याला नि सुरीला बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद वापरतात. ते लालभडक तापवून, घडवून, शेवटी धारेकडचा भाग पाण्यात किंवा तेलात बुडवून पाणी देतात. त्या क्षणी पोलाद कमालीचं कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा बेतानं तापवतो आणि पृष्ठभागावर चढणाऱ्या रंगावर नजर ठेवतो. 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळा, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा, 300 ला निळा. सुरीसाठी पिवळ्यावर थांबायचं, कुऱ्हाडीसाठी जांभळ्यापर्यंत जायचं, स्प्रिंगसाठी निळ्यापर्यंत. रंग चढायला काही क्षणच लागतात, आणि त्या क्षणांत आयुष्यभराचं शिक्षण पणाला लागलेलं असतं. ग्राइंडरवाला पोरगा तेच पातं कोरड्या चाकावर धरून पिवळ्यावरून निळ्यावर नेतो. धारेलगत निळी रेघ उमटते, तीही चाकाखाली घासून निघून जाते आणि गिऱ्हाइकाला चकाकी तेवढी दिसते. आतलं पोलाद मऊ पडलेलं असतं. दोन दिवसांत धार लोळते, पुन्हा ग्राइंडर, पुन्हा ठिणग्या. मग ऐकू येतं, ‘पूर्वीच्यासारखं पाणीच देत नाहीत हल्लीचे लोहार.’

याला कोल्हापुरात एक हमखास उत्तर मिळतं, आणि ते देणारा माणूस कारखान्यात काम केलेला असतो. ‘लेथची टूलं आम्ही लाल होईस्तोवर घासतो, त्यांना काय धाड भरत नाही.’ शिवाजी उद्यमनगराच्या औद्योगिक वसाहतीनं या शहराला यंत्रांची जाण दिली, म्हणून हे उत्तर वजनदार वाटतं. पण लेथचं ते टूल हायस्पीड स्टीलचं असतं. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, वॅनेडियम असतं आणि ते 600 अंशांच्या जवळपास तापलं तरी आपला कठीणपणा सोडत नाही. त्यासाठीच तर ते शोधलं गेलं. सुरीच्या साध्या कार्बन पोलादाला 300 अंशही सोसत नाहीत. आणि त्याच कारखान्यात सरफेस ग्राइंडरवर कूलंटची धार अखंड का सोडलेली असते? तिथं पाणी लागतं हे ज्याला कळतं, त्याला घरची सुरी कोरडी जाळताना ते का आठवू नये?

दुसरी गोष्ट याहून वाईट. लोहार पाणी देतो ते सगळ्या पात्याला नाही. कोयत्याची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे घाव बसल्यावर ती मोडत नाही. कठीण असते ती धारेकडची पट्टी. काही जुन्या कुऱ्हाडींना तर लोखंडाच्या अंगात धारेपुरतंच पोलाद जोडलेलं असतं. ग्राइंडर एका फटक्यात जेवढं खातो तेवढं दगडाला खायला अनेक महिने लागतील. चार-सहा वेळा ग्राइंडर लावला की पट्टी संपते आणि उरतं मऊ अंग. आपण खंडेनवमीला हीच हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून पुजतो. त्या पूजेवर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच विचारतो, वर्षातून एकदा ज्याच्यापुढं हात जोडायचे, त्याला उरलेले दिवस जाळत कसं ठेवता येतं?

‘उसाच्या कोयत्याला कसली आलीय नाजूक धार?’ असं म्हणणाऱ्यांनी खोडव्याचा फड पाहावा. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते. कोयता धारदार असेल तर एका घावात स्वच्छ काप मिळतो. बोथट कोयत्यानं दोन-तीन घाव घालावे लागले की बुडखा चिरतो, चिरेतून बुरशी शिरते आणि खोडव्याची फूट विरळ येते. नुकसान शेतकऱ्याचं. शिवाय बीडकडून आलेल्या तोडणी मजुराला पैसे टनावर मिळतात. प्रत्येक उसामागं एक घाव वाढला तर त्याच्या खांद्याची आणि मजुरीची काय गत होते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. फडात बसून कोयत्यावर कानस फिरवणाऱ्या बाईला धारेचं जे ज्ञान असतं ते ग्राइंडरच्या टपरीत नसतं. ती कानस पुढं ढकलतानाच दाबते, मागं घेताना उचलते, कारण कानशीचे दाते एकाच दिशेनं कापतात. कोयत्याला कानस बरोबर आहे, याचं कारणही साधं आहे: कानस कोयत्यापेक्षा बरीच कठीण असते, म्हणून ती चावते, लोखंड गार राहतं, आणि उरलेली धार थोडी खरबरीत असते, ती उसाच्या चिवट सालीला धरते. तीच कानस चांगल्या कठीण सुरीवर नुसती घसरते. घसरली की समजावं, इथं कानशीचं काम नाही, दगड हवा. साधन निवडण्याची याहून स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

आता शिकारी चाकूकडं येतो, कारण यंत्रवाल्यांच्या विरुद्ध टोकाला उभा असलेला आणखी एक गट तिथं सापडतो आणि त्याचीही चूक तीच आहे. कोल्हापूर हे शिकारीचं संस्थान होतं. इथं चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळविटांची शिकार होत असे, आणि न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळातली हत्यारं आणि पेंढा भरलेली जनावरं आजही पाहायला मिळतात. तो काळ संपला. दाजीपूरचं जंगल 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण शिकारी चाकूचं खरं काम जनावर मारणं हे कधीच नव्हतं. कातडं सोडवणं, सांधे मोकळे करणं, हाडावरून मांस उतरवणं हे त्याचं काम, आणि ते आज कळंब्यातला खाटीक दर रविवारी सकाळी करतो. म्हणून शिकारी चाकूच्या धारेबद्दल कुणाला शिकायचं असेल तर त्यानं त्याच्या दुकानात उभं राहावं.

हौशी मंडळी मात्र तिथं जात नाहीत. त्यांचं मत असं की खरी धार परदेशी पाणदगडांवरच येते. 1000 नंबरापासून 8000 नंबरापर्यंत क्रमानं चढत जावं, कोन धरणारी चौकट वापरावी, पात्यात चेहरा दिसावा आणि हातावरचे केस अलगद निघावेत. केस निघाले की धार उत्तम. या मताला मेहनतीचा मान आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. आरशासारखी घोटलेली धार दाबून कापण्यासाठी असते: वस्तरा, लाकडाची पटाशी. कातडं, चरबी, स्नायू, टोमॅटोची साल ही ओढून कापायची असतात आणि तिथं मधल्या नंबराच्या दगडावर थांबलेली, किंचित दातेरी धार जास्त पकडते आणि जास्त टिकते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या धातुशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की माणसाचा केस दाढीच्या पात्यापेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही त्या पात्याच्या धारेचे टवके काढू शकतो. पोलादाची आतली रचना जिथं एकसारखी नसते तिथं केस वाकून टेकला की कपचा उडतो. केसानं फुटणारी बारीक धार बकऱ्याच्या सांध्यात घालायची?

केसांची परीक्षा आणखी एका कारणानं फसवी आहे. दगडावर एक बाजू पुरेशी घासली गेली की दुसऱ्या बाजूला पोलादाची पातळ कड उलटते. नख किंवा अंगठा धारेवरून बाहेरच्या दिशेनं आडवा नेला की ती खरखर लागते. ही कड उलटणं आवश्यक आहे, कारण घासणं टोकापर्यंत पोचल्याची तीच खूण. पण ती काढली नाही तर तीच कड केस काढते, कागद कापते आणि पहिल्या दोन कापांत मोडून पडते. मग ‘दगडाची धार टिकत नाही’ असं म्हणून माणूस पुन्हा ग्राइंडरकडं वळतो. कड काढण्यासाठी बाजू बदलत, दाब कमी करत हलके हात मारायचे आणि शेवटी चामड्यावर पातं पाठीच्या दिशेनं ओढायचं. त्या चामड्यासाठी परदेशी पट्टा मागवणाऱ्या कोल्हापूरकराला काय म्हणावं? बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं या शहराच्या चपलांना जगभर नाव देऊन गेलं. पट्ट्याला रसायनांत कमावलेल्या मऊ चामड्यापेक्षा असंच घट्ट चामडं लागतं. चप्पल लाइनच्या बाजारात त्याचा तुकडा मागितला तर कुणी नाही म्हणणार नाही.

कोनाच्या चौकटीचंही तसंच. साधी भूमिती पुरते. पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या निम्म्या उंचीवर धरली की कोन 30 अंश होतो, एक तृतीयांश उंचीवर साडेएकोणीस, एक चतुर्थांश उंचीवर साडेचौदा. तीन सेंटीमीटर रुंद सुरी एक सेंटीमीटर उचलून धरा, मांस कापायच्या सुरीला लागतो तो कोन मिळाला. ओंडक्यावर हाडं तोडणाऱ्या सत्तुराला निम्म्याच्या जरा खाली धरा. पातळ भाजीच्या सुरीला चतुर्थांशावर. शंका असेल तर धारेच्या उतारावर मार्करची शाई फासा आणि दोन हात मारून पाहा. शाई जिथून पुसली गेली तिथं दगड लागतोय. वरच्या बाजूलाच पुसली गेली तर पाठ जरा उचलायची, टोकालाच पुसली गेली तर खाली घ्यायची.

आणि दगड? हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू भरड आणि एक बाजू बारीक असलेला कार्बोरंडमचा दगड घरच्या नव्वद टक्के पात्यांना पुरेसा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो सिलिकॉन कार्बाइडचा असतो. 1890 च्या दशकात अमेरिकेत ॲचेसन या संशोधकानं बनवलेला हा पदार्थ कुरुंदापेक्षाही कठीण. दगडही परवडत नसेल तर वॉटर पेपर कडप्प्याच्या ओट्यावर ओला चिकटवा, त्यावरही तेच काम होतं. अपवाद एका ठिकाणी मान्य करतो. काही महागड्या शिकारी चाकूंच्या पोलादात वॅनेडियम बरंच असतं आणि त्याचे कण कुरुंदाच्या दगडाला दाद देत नाहीत. तिथं हिऱ्याच्या भुकटीची पट्टी घ्यावी, आणि ती हलक्या हातानं वापरावी, कारण दाबलं की हिऱ्याचे कण उपटून निघतात. असा चाकू कुणाकडं असेल त्यानं आधी त्याचं पोलाद कोणतं ते वाचावं आणि मग साधन घ्यावं. आज होतं ते उलटं: आधी साधन विकत येतं, मग घरातली सगळी पाती त्याच्यावरून ओढली जातात.

असं सर्वांत जास्त ओढलं जातं ते स्वयंपाकघरातल्या खाचेच्या साधनातून. प्लास्टिकच्या मुठीत टंगस्टन कार्बाइडचे दोन तुकडे इंग्रजी व्हीच्या आकारात बसवलेले असतात, त्यांतून सुरी दोन-चार वेळा ओढायची. ‘बाईमाणसाला सोपं पडतं’ असं म्हणून ते खपवलं जातं. ज्या बायका डोळे मिटून विळीवर कांदा चिरतात त्यांना दगडावर हात चालवता येणार नाही, हे कुणी ठरवलं? ते साधन पात्याला घासत नाही, ओरबाडतं. कोन ठरलेला, म्हणून सत्तूर आणि भाजीची सुरी दोन्हींना एकच शिक्षा. कठीण पात्याचे टवके उडतात, मऊ पात्याचे कीस निघतात. मुठीजवळची दोन बोटं जागा तर त्या खाचेत पोचतच नाही, म्हणून काही महिन्यांत पात्याच्या मध्ये खळगा पडतो आणि कापताना तो भाग पाटाला टेकत नाही.

खाटकाच्या हातातल्या पोलादी सळीबद्दलही लोक चुकीचं समजतात. तो दर काही मिनिटांनी सुरी सळीवर फिरवतो ते धार लावण्यासाठी नसतं. त्याची सुरी कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर 55 ते 57 च्या आसपास, म्हणजे मुद्दाम जरा मऊ ठेवलेली असते. हाडाला लागली की तिची धार तुटत नाही, लोळते, आणि सळी तिला पुन्हा सरळ उभी करते. केसाळ कातड्यातली माती मात्र धार झिजवते, आणि झिजलेल्याला सळी पुरत नाही, तिथं दगडच. हेच पाहून कुणी आपला 61 मापाचा जपानी चाकू सळीवर आपटला तर कपचे उडणार. काम वेगळं, पोलाद वेगळं, म्हणून साधन वेगळं. एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही, लक्ष लागतं.

आणखी एक गोष्ट यंत्रवाले कधीच बोलत नाहीत. धार लावताना पातं फक्त टोकाला झिजत नाही, ते मागं सरकतं, आणि मागं पातं जाड असतं. वर्षानुवर्षं टोकालाच घासत गेलं की कोन तोच राहूनही सुरी पाचरीगत अडकायला लागते. अशा सुरीला धार लावून उपयोग नाही. तिच्या गालांवरचं पोलाद दगडावर पातं जवळजवळ सपाट धरून उतरवावं लागतं. ग्राइंडर टोक नेमकं खातो आणि गाल तसेच ठेवतो. म्हणून त्याच्याकडून आलेली सुरी पहिल्या दिवशी झोंबते आणि महिन्याभरात भोपळ्यात रुतून बसते.

कोरड्या चाकाची किंमत पात्यांनीच मोजली असंही नाही. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात, जे सुऱ्या-काट्यांसाठी प्रसिद्ध होतं, 19 व्या शतकात वाळूच्या दगडाच्या चाकावर काम करणारे कामगार दगडाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होऊन तरुणपणीच मरत. त्यातही ओल्या चाकावर सुऱ्या घासणाऱ्यांपेक्षा कोरड्या चाकावर काटे घासणारे आधी जात. आजच्या चाकांत तसा वाळूचा दगड नसतो, तरी धूळ आहे, ठिणगी आहे, फुटलेल्या चाकाचा तुकडा आहे, आणि आमच्याकडं तोंडाला फडकं नाही, डोळ्यांना चष्मा नाही. पाणी पात्याला वाचवतं तसं ते घासणाऱ्यालाही वाचवतं, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी माणसांच्या मरणानं सिद्ध झाली आहे.

शेवटी सगळे एकाच कारणावर येऊन थांबतात: वेळ नाही. हे कारण मला मान्य नाही. नीट बसवलेल्या कोनाची सुरी आठवड्यातून एकदा बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी काही हात मारून, चामड्यावर ओढून घेतली तर पाच मिनिटांच्या आत काम होतं, आणि मोठं घासणं कित्येक महिने लागत नाही. ग्राइंडरच्या टपरीपर्यंत जाण्यायेण्यालाच याहून जास्त वेळ जातो. ज्यांची पाती खरोखरच मोडली आहेत, टवके उडाले आहेत, त्यांना चाक लागेल, हे मी नाकारत नाही. पण मग ते चाक सावकाश फिरणारं असावं, सायकलवर पायानं फिरवणाऱ्या धारवाल्याचं असलं तरी चालेल, आणि शेजारी पाण्याचं भांडं असावं. गारगोटी रस्त्याच्या प्रत्येक दुकानदारानं ते ठेवावं. पातं एकदा चाकावरून फिरलं की ते पाण्यात बुडालंच पाहिजे, असं गिऱ्हाइकानं समोर उभं राहून सांगावं. धारेलगत निळी रेघ दिसली तर पैसे देऊ नयेत, आणि ती सुरी घडवणाऱ्या लोहाराकडं नेऊन, झालेलं नुकसान कुणामुळं झालं ते त्याला स्पष्ट सांगून, पुन्हा पाणी देऊन घ्यावी.